एका तबकडीवरून पारख करणाऱ्यांस

गेल्या दिवाळीत फराळाला आमच्याकडे चार मंडळी जमली होती. चिवडा-चकलीबरोबर वाद हाही पदार्थ आमच्या घरी दरसाल असतोच, आणि तो कधी मऊ पडत नाही. या खेपेस वादाला तोंड फोडले ते माझ्या पुतण्याने. त्याच्या हातातल्या फोनवर जगातील सर्वश्रेष्ठ रॉक तबकड्यांची कुठलीशी यादी होती, आणि निकालाच्या दिवशी मास्तरांनी गुणपत्रक वाचावे तशी ती तो वाचून दाखवीत होता. पिंक फ्लॉइडची एक, येसची एक, जेनेसिसची एक, किंग क्रिम्झनची एक. “काका, प्रत्येक बँडची एकेक ऐकली की काम भागते. बाकीची नुसती भरताड!”

पोराचे एक वेळ ठीक. परंतु आमचे एक विद्वान स्नेही तेथे होते, त्यांनीही मान डोलावली. हे गृहस्थ कवितेचे टीकाकार आहेत. त्यांचे सूत्र ठरलेले: प्रतिभा ही विजेसारखी असते, ती एकदाच चमकते, त्याआधी असते ते चाचपडणे आणि त्यानंतर उरते ती नक्कल. माझ्या तोंडात त्या वेळी चकली होती, म्हणून मी गप्प बसलो. ते गप्प बसणे मला वर्षभर टोचत राहिले आहे. सबब हे उशिरा दिलेले उत्तर.

प्रथम ज्यांना या संगीताची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बँड म्हटल्यावर लग्नाच्या वरातीपुढचा बँड डोळ्यांपुढे आणू नये. इंग्लंडात १९६०च्या दशकाच्या अखेरीस चार-चार पाच-पाच तरुणांचे काही संच निघाले. तीन मिनिटांच्या प्रेमगीताला ते कंटाळले होते. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वेळ मोकळा असतो, हे त्यांनी ओळखले. त्या मोकळ्या रानात त्यांनी युरोपातील अभिजात संगीत, जाझ, खेड्यांतील लोकगीते आणि विजेची गिटार यांचा एकत्र संसार मांडला. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. नाव काही मोठे सुरेख नाही, आणि ते मिरवणाऱ्यांनी त्याला पुष्कळ बट्टाही लावला. पण आमच्या खाँसाहेबांना तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत अख्खा ख्याल कोंबावा लागे, ती ओढाताण ज्याने ऐकली आहे त्याला वीस मिनिटांची किंमत निराळी सांगावी लागू नये.

आता मुद्द्यावर येतो. माझे म्हणणे असे की या संचांचे शिखर एका तबकडीत नाही. ते चार-पाच तबकड्यांच्या रांगेत आहे. त्या रांगेतून एक उचलून बाकीच्या फेकणारा माणूस ती उचललेलीही नीट ऐकत नाही.

आपल्याकडे गवई दहा-पंधरा वर्षे गुरूच्या घरी पाणी भरतो. त्याचे बेसूर, त्याचे चुकलेले सम, त्याने केलेली उसनवारी हे सारे त्या चार भिंतींच्या आत जिरते, आणि मग तो मैफलीला बसतो. श्रोत्यांना वाटते, वीज चमकली! या इंग्रज पोरांना गुरू नव्हता. चारपाच जणांच्या संचाला गुरू असावा अशी सोयच नव्हती, कारण असा संच कसा वाजवावा हेच कोणाला ठाऊक नव्हते. मग त्यांनी शागिर्दी केली कोठे? सगळ्यांच्या देखत, तबकडीवर. आमच्या गवयाच्या रियाजाच्या खोलीचे दार बंद असते. यांचे उघडे राहिले, इतकाच फरक. उघड्या दारातून आत डोकावून ‘हा अजून कच्चा आहे’ म्हणणाऱ्याची मला गंमत वाटते. अहो, कच्चाच आहे. म्हणून तर बसला आहे!

जेनेसिसचे उदाहरण घ्या. चार्टरहाऊस नावाच्या बड्या शाळेतली ही पोरे. पहिली तबकडी मुद्रित झाली तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. १९६९ साली ती निघाली. संचाचे नाव आणि तबकडीचे नाव मिळून बायबलचा पहिला व शेवटचा ग्रंथ होत असल्यामुळे आणि वेष्टन काळेभोर असल्यामुळे काही दुकानदारांनी ती धार्मिक कप्प्यात ठेवून दिली! विक्री शेकड्यांच्या पुढे गेली नाही. गाणी गोड आहेत, आज्ञाधारक आहेत, आणि त्यांवर मागाहून चढविलेले व्हायोलिनांचे थर तर लग्नातल्या भाड्याच्या शेरवानीसारखे आहेत. कोणाच्याच अंगाला ते बसत नाहीत. आमच्या विद्वान स्नेह्यांच्या न्यायाने येथेच फाईल बंद करावयास हवी होती. वीज चमकली नाही, चला घरी!

पोरे घरी गेली नाहीत. सरे परगण्यातील एका खेड्यात एका मित्राच्या आईवडिलांचे रिकामे घर मिळाले, तेथे हिवाळाभर राहिली, आणि १९७० साली ‘ट्रेसपास’ आली. तिच्यात प्रथमच गाणे लांबू लागते, बारा तारांच्या गिटारी एकमेकींत गुंफतात, आवाज हळू होऊन अचानक अंगावर येतो. तिचे मुद्रण आटोपताच गिटारवादक अँथनी फिलिप्स निघून गेला. रंगमंचाचे भय त्याला सोसेना. संचाचा कणा मोडला असे सर्वांस वाटले. नवा ढोलवादक फिल कॉलिन्स आला, नवा गिटारवादक स्टीव्ह हॅकेट आला, आणि १९७१च्या ‘नर्सरी क्राइम’मध्ये ‘द म्युझिकल बॉक्स’ हे दहा मिनिटांचे गाणे आले. ज्याला जेनेसिस म्हणतात ते प्रथम येथे भेटते. पण या गाण्याचे बीज कोणाचे? ते फिलिप्स संचात असतानाच त्याने व माइक रदरफर्डने पेरलेले होते! माणूस गेला, बियाणे राहिले, आणि ते उगवले पुढच्या हंगामात. यादीवाल्यांच्या वहीत ही नोंद कोठे करावयाची?

१९७२ची ‘फॉक्सट्रॉट’ आणि तीवरचे ‘सपर्स रेडी’. हे गाणे तेवीस मिनिटांचे आहे, सात खंडांचे. शेवटाकडे नऊ मात्रांचे एक आवर्तन तालवाद्ये घट्ट धरून बसतात, आणि टोनी बँक्स ऑर्गनवर त्या चौकटीची पर्वा न करता फिरत राहतो. समेचा धागा सुटला की काय अशी भीती वाटते, तोच सारे एकत्र येतात आणि गेब्रिएलचा आवाज वर चढतो. लयकारीची चटक असलेल्या आपल्या श्रोत्याला हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. गेब्रिएल तेव्हा बावीस वर्षांचा होता. हे धाडस ‘ट्रेसपास’मध्ये त्यांना जमले नसते. तेथे ते लांब गाणे सुरू करीत, पण मधे एका खंडातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसे. ‘नर्सरी क्राइम’मध्ये सांधा झाकू लागले. ‘फॉक्सट्रॉट’मध्ये सांधाच गाण्याचा रस झाला. तीन तबकड्या, तीन वर्षे, एकच धडा. मग १९७३ची ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’, जिच्यात त्याच हातांना सफाई आली; काहींना ती अधिक आवडते, मलाही दिवसाआड आवडते. आणि १९७४ची दुहेरी ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’, जिच्यात त्यांनी इंग्लंडचे हिरवे कुरण सोडून न्यूयॉर्कच्या गल्लीत उडी घेतली. १९७५ साली गेब्रिएल संच सोडून गेला. यांतले शिखर कोणते? ज्याला बोट एकाच ठिकाणी ठेवावयाचे आहे त्याने ठेवावे. माझे बोट फिरते.

पिंक फ्लॉइडची तऱ्हा आणखी बोलकी. त्यांच्याकडे वीज खरोखरच होती, आणि ती पहिल्यालाच चमकली. सिड बॅरेट हा तो विलक्षण तरुण. १९६७ची पहिली तबकडी बव्हंशी त्याची. १९६८ साली तो मनाने ढासळला आणि संचाबाहेर गेला. वीज गेली, मागे काळोख राहिला, आणि त्या काळोखात चार जण पाच वर्षे चाचपडत राहिले. हे शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण आमच्या स्नेह्यांना ‘चाचपडणे’ ही शिवी वाटते. या पाच वर्षांत त्यांनी चित्रपटांना संगीत दिले. एका तबकडीत चौघांनी प्रत्येकी अर्धी बाजू वाटून घेऊन आपापला खेळ मांडला. १९७०मध्ये पितळी वाद्ये आणि गायकवृंद घेऊन बाजूभर एक प्रचंड रचना केली. यांतील पुष्कळ कामाला पुढे त्यांनी स्वतःच नाके मुरडली. मुरडोत. पण १९७१ साली पियानोचा एकच स्वर फिरत्या ध्वनिक्षेपकातून सोडल्यावर पाण्याच्या थेंबासारखा ऐकू आला, तेव्हा त्या एका स्वराभोवती ‘एकोज’ हे तेवीस मिनिटांचे गाणे उभारण्याची हिंमत त्यांना कोणी दिली? त्या फसलेल्या वर्षांनी. आधी या तुकड्यांना ते ‘काहीच नाही : एक ते चोवीस’ असे नाव देऊन बसले होते! ‘काहीच नाही’चे काहीतरी करण्याची विद्या एका रात्रीत येत नाही.

आणि मग १९७३ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’, जी प्रत्येक यादीत असते. जी अमेरिकेच्या विक्रीतक्त्यात १९८८पर्यंत एकूण ७४१ आठवडे टिकली. ही त्यांची आठवी तबकडी, हे यादी वाचणाऱ्या किती जणांस माहीत असते? ती बाजारात येण्यापूर्वी वर्षाहून अधिक काळ ते ती कार्यक्रमांतून वाजवीत होते, मोडीत होते, पुन्हा जोडीत होते. तिच्यातील ‘अस अँड देम’ या शांत, उदास गाण्याची चाल मूळची आन्तोनिओनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी केलेली. दिग्दर्शकाने ती नाकारली. नाकारलेला तुकडा त्यांनी फेकला नाही. तीन वर्षे तो फडताळात पडून होता, आणि मग जगाने डोक्यावर घेतला.

येथवर वाचून आमचे स्नेही गालात हसत असतील, कारण त्यांच्याजवळ हुकमाचे पान आहे: किंग क्रिम्झन. ते पान मीच टाकतो. १९६९च्या ऑक्टोबरात या संचाची पहिलीच तबकडी आली आणि तिने इतर सर्वांचे डोळे दिपविले. येथे शागिर्दी नाही, चाचपडणे नाही. पहिल्याच दिवशी उस्तादी. मान्य. हा अपवाद मी लपवीत नाही, आणि नियम सिद्ध करण्यासाठी तो आहे असला चोरटा युक्तिवादही करीत नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संच फुटला. रॉबर्ट फ्रिप एकटा गिटार घेऊन बसला, आणि पुढच्या तीन तबकड्यांत माणसे धर्मशाळेतल्यासारखी आली आणि गेली. विजेच्या सिद्धांताप्रमाणे त्याने तेथेच थांबावयास हवे होते. तो थांबला नाही म्हणून १९७३ व १९७४ या दोन वर्षांत, जवळजवळ संपूर्ण नव्या माणसांनिशी, तीन तबकड्यांचे दुसरे शिखर उभे राहिले. त्यांतली शेवटची ‘रेड’. तिच्या अखेरचे ‘स्टारलेस’ हे बारा मिनिटांचे गाणे ज्याने अंधारात एकट्याने ऐकले आहे त्याला मी अधिक काय सांगू! मधे कित्येक मिनिटे गिटार एकच स्वर टोचत राहते आणि छाती भरून येते. आणि गंमत अशी की हे गाणे त्याआधीच्या तबकडीच्या वेळी सहकाऱ्यांनाच न पटून बाजूला पडले होते.

‘म्युझिकल बॉक्स’, ‘अस अँड देम’, ‘स्टारलेस’. तीन संचांची तीन शिखरे, आणि तिन्ही मागच्या ताटातल्या उरलेल्या घासातून झालेली. याला मी योगायोग मानावयास तयार नाही. एकच तबकडी काढून जो थांबतो त्याच्या कणगीत पुढच्या पेरणीला दाणा नसतो.

आता माझ्याच बाजूची एक अडचण सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा वाद प्रामाणिक होणार नाही. येस या संचाला पहिल्या दोन तबकड्यांनंतर अटलांटिक कंपनी नारळ देण्याच्या बेतात होती. ते डेव्हनमधल्या एका शेतावर जाऊन राहिले, नवा गिटारवादक स्टीव्ह हाउ याला घेऊन तिसरी तबकडी केली आणि वाचले. मग १९७१ अखेर ‘फ्रॅजाइल’, आणि १९७२ साली ‘क्लोज टु द एज’, जिचे नावाचे गाणे एका संपूर्ण बाजूचे आहे. फितींचे तुकडे कापून-चिकटवून ते घडविले. त्यांतला एक तुकडा चुकून कचऱ्याच्या डब्यात गेला आणि तेथून शोधून आणला, असे सांगतात. एवढे धीराचे फळ. पण त्याच धीराचे पुढचे फळ कोणते? १९७३ची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. गायक जॉन अँडरसनने स्वामी योगानंदांचे आत्मचरित्र वाचले. त्यातील एका तळटीपेत आपल्या शास्त्रग्रंथांचे श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे चार भाग सांगितले आहेत. झाले! चार भाग, चार बाजू, चार गाणी, ऐंशी मिनिटे. मुद्रणाच्या खोलीत शेताचे वातावरण यावे म्हणून गवताचे भारे आणि पुठ्ठ्याची गाय आणून ठेवली होती.

आमच्यातील काही भाबड्या मंडळींना यात भारताचा सांस्कृतिक दिग्विजय दिसतो. मला दिसत नाही. एका तळटीपेवर चार बाजू रचणे याला आपल्याकडे पुराणिकबुवांचा पाल्हाळ म्हणतात. अधूनमधून चांगल्या जागा आहेत, पण त्या गाठण्यासाठी पुष्कळ वाळवंट तुडवावे लागते. संचातलाच पियानो-ऑर्गनवादक रिक वेकमन इतका वैतागला की मँचेस्टरच्या कार्यक्रमात वाजविण्यासारखे विशेष काही नसताना रंगमंचावरच त्याने मागवून कोंबडीची झणझणीत आमटी खाल्ली. हे तो स्वतःच सांगत असतो. आपल्या श्रुतिस्मृतींवर आपल्याच मसाल्याने सूड उगवला म्हणावयाचा! १९७४ साली तो संच सोडून गेला.

तेव्हा धीर धरल्याने सदा अमृतच निघते असे मी म्हणत नाही. ज्या मोकळिकीने ‘क्लोज टु द एज’ दिली तिनेच ‘टोपोग्राफिक’ दिली. पण एक ठेवून दुसरी टाळण्याची युक्ती ज्याला सापडली असेल त्याने ती जरूर प्रसिद्ध करावी. मला सापडलेली नाही.

दुसरे एक खोटे येथेच निकालात काढतो. १९७६-७७ साली पंक आले, तीन सुरांची दांडगी गाणी आली, आणि त्यांनी या लांबलचक संगीताचा वध केला, अशी एक कथा पाठ्यपुस्तकासारखी म्हटली जाते. पंकच्या पुढाऱ्याने ‘पिंक फ्लॉइडचा मला तिटकारा आहे’ अशा अर्थाचा सदरा घातला होता, हे खरे. परंतु फ्रिपने आपला संच १९७४ साली स्वतःच्या हाताने मोडला. वेकमन त्याच वर्षी गेला. गेब्रिएल १९७५ला गेला. जो आधीच अंथरुणाला खिळला होता त्याच्या खुनाची फुशारकी कशाला? आणि ज्याचा तिटकारा सदऱ्यावर लिहिला तो संच तेवढा ठणठणीत राहिला. १९७९मध्ये त्याने ‘द वॉल’ काढली.

राहता राहिला आजचा प्रश्न, आणि खरे तर त्यासाठीच हा लेखनाचा खटाटोप. तेव्हाच्या कंपन्यांचे मालक साधुसंत होते असे नव्हे. लाँगप्ले तबकडीचा बाजार वाढत होता, तरुणांच्या खिशात पैसा होता, आणि उद्या काय खपेल हे मालकांना कळत नव्हते. म्हणून ते थांबत. अज्ञानापोटी का होईना, थांबत. आज सर्वांना सर्व कळते. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद ऐकले गेले की एक ‘ऐकणे’ मोजले जाते. ‘क्लोज टु द एज’च्या पहिल्या तीस सेकंदांत पाणी वाहते आणि पाखरे बोलतात, वाद्य अजून सुरू व्हावयाचे असते. फ्लॉइडच्या १९७५च्या तबकडीत पहिला मानवी स्वर येईपर्यंत आठ मिनिटे उलटून जातात. या हिशेबात ही माणसे नापास. माझ्या पुतण्याच्या ओळखीची चार पोरे आहेत, कॉलेजात शिकतात, एका गॅरेजात वाजवितात. त्यांनी एक गाणे लोकांपुढे ठेवले, पुरेसे आकडे आले नाहीत, आणि त्यांचा संच चौथ्या महिन्यात मोडला. गाणे मी ऐकले. कच्चे होते. दुसरे कसे झाले असते ते आता कोणालाच कळणार नाही, आणि हे मला त्या यादीपेक्षा अधिक लागले आहे.

हे सारे मी परवा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तावातावाने सांगत होतो. सौ. भाजणी चाळीत होत्या. त्या म्हणाल्या, “चकलीचा पहिला घाणा तुटला म्हणून सोऱ्या माळ्यावर टाकतात का कोणी? एवढे सांगायला तुम्हाला इंग्लंडपर्यंत जावे लागले!”

असो. पुतण्याला मी या दिवाळीचे निमंत्रण धाडले आहे. अट एकच, फोन चपलांपाशी ठेवावयाचा. जेनेसिसच्या त्या सहा वर्षांच्या सहा तबकड्या आहेत, आणि सणाचे दिवसही सहा धरले आहेत. वसुबारसेला ती धार्मिक कप्प्यातली पहिली. धनत्रयोदशीला ‘ट्रेसपास’, चतुर्दशीला अभ्यंगानंतर ‘नर्सरी क्राइम’, लक्ष्मीपूजनाला दिवे लागल्यावर ‘फॉक्सट्रॉट’. पाडव्याला ‘सेलिंग इंग्लंड’. व्यापाऱ्यांचा दिवस असल्यामुळे नावही शोभते. भाऊबीजेला ती दुहेरी, ओवाळणी आटोपल्यावर. एकेका दिवशी दोन कार्यक्रम आले तर येतील. विद्वान स्नेह्यांनाही बोलाविले आहे. पहिल्या दिवशी ते येणार नाहीत असे वाटते, चतुर्दशीपर्यंत बहुधा येतील. चकल्या तोवर झालेल्या असतील.